आधी शेजार, मग घर

रमजान संपत आला की मिरजेच्या जुन्या पेठेतल्या धान्याच्या दुकानांत एकच प्रश्न दिवसभर ऐकू येतो, ‘यंदा फित्रा किती?’ मशिदीबाहेरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहिलेला असतो, तरी माणसे दुकानदाराकडून खात्री करून घेतात. माणशी साधारण पावणेदोन किलो गहू, किंवा त्याची रोख किंमत. घरातल्या पाळण्यातल्या बाळाचाही फित्रा द्यायचा. आणि तो ईदच्या नमाजाआधी गरजवंताच्या घरी पोचवायचा, म्हणजे सणाच्या दिवशी कुणाची चूल थंड राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका चांदरातीला आम्ही अशाच एका दुकानाच्या पायरीवर उभे होतो. पुढे बुरखा घेतलेली एक बाई आणि तिचे बोट धरून उभी असलेली सहा-सात वर्षांची मुलगी. बाईने बोटांची पेरे मोजून सात माणसांचा फित्रा सांगितला. दुकानदाराच्या गळ्यात तुळशीची माळ. माणूस कमी बोलणारा. तो काट्यावर गहू ओतू लागला तशी मुलीने विचारले, ‘अम्मी, ये किसकू देनेका?’

‘नाम लेनेका नै.’

‘तो फिर अल्लाकू कैसा समजता?’

आई हसली. म्हणाली, ‘उसकू समजताच. इसीलिएच तो पडोसवालोंकू समजनेकी जरूरत नै.’

ईद तोंडावर आली की ते दखनी वाक्य आम्हाला आठवते. त्याला कारण आहे एक जुनी शंका. आमचे काही विवेकवादी मित्र ती दर सणाला काढतात, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. ते म्हणतात, धार्मिक माणूस भुकेल्याला जेवू घालतो ते त्याला जन्नत हवी असते म्हणून, आणि लबाडी टाळतो ती दोजखच्या भीतीने. मग त्याच्या चांगुलपणात चांगुलपणा किती आणि गुंतवणूक किती? मुदत ठेव ठेवणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही. ज्याला परतफेडीची आशा नाही आणि तरीही जो चांगला वागतो, तो नास्तिकच खरा निःस्वार्थी ठरतो.

इस्लामच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्त खवचटपणे विचारला जातो, कारण कुराणातल्या जन्नतीची वर्णने ठसठशीत आहेत. पाण्याच्या, दुधाच्या, मद्याच्या आणि मधाच्या नद्या, दाट सावली, हाताशी येणारी फळे, रेशमी वस्त्रे, हूर. हसणाऱ्यांनी आपल्याकडचे नंदनवन, कल्पवृक्ष आणि रंभा-उर्वशी यांच्याकडेही एकदा पाहून घ्यावे. स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा, हे तर वैदिक कर्मकांडाचे मूळ सूत्रच. आणि व्यापाराची भाषा कुणाच्या तोंडी नाही? आपण मराठीत पुण्य जोडतो, ते पदरात पाडून घेतो, गाठीला बांधतो. ते संपले की ‘पुण्याई सरली’ म्हणतो. मक्का तर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तांडे पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांचे गाव. तिथे उतरलेल्या धर्मग्रंथात तराजू, नफा, मजुरी, देवाला दिलेले चांगले कर्ज असे शब्द येणारच. आपल्या ‘हिशेब’, ‘कर्ज’, ‘हक्क’, ‘नियत’ या शब्दांचे मूळही अरबीतच आहे. कयामतच्या दिवसाचे एक नावच हिशेबाचा दिवस असे आहे.

मात्र ही शंका धर्माबाहेरच्या माणसांनी प्रथम काढली असे कुणी समजू नये. ती धर्माच्या घरातच जन्मली आणि तिथे तिला फार आदराने वाढवले गेले. आठव्या शतकातल्या बसऱ्याची राबिया ही तिची सर्वांत प्रसिद्ध वारसदार. इ. स. ८०१च्या सुमारास ती वारली. तिची चरित्रे पुष्कळ उशिरा लिहिली गेली, त्यामुळे त्यांत इतिहास किती आणि लोककथा किती हे वेगळे काढणे कठीण. पण कथा कुठल्या बाजूला कलते ते पाहण्यासारखे आहे. राबिया एका हातात विस्तव आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन रस्त्याने निघाली. विचारले तर म्हणाली, जन्नत पेटवायची आहे आणि दोजख विझवायचा आहे, म्हणजे लोक अल्लाची भक्ती अल्लासाठीच करतील. हजरत अलींच्या नावावर एक वचन सांगितले जाते. त्यात उपासना करणाऱ्यांच्या तीन जाती सांगितल्या आहेत: बक्षिसासाठी करणारे व्यापारी, भीतीने करणारे गुलाम आणि कृतज्ञतेने करणारे मोकळे लोक. पुढे गालिबने तर, बंदगीत मद्याची आणि मधाची आशा उरू नये म्हणून जन्नतच नरकात फेकून देण्याची सूचना केली. ती अर्थातच आपल्या मिश्कील ढंगात.

या यादीतला सगळ्यांत गंभीर माणूस इमाम गझाली. अकराव्या शतकाच्या अखेरीस तो बगदादच्या निजामिया मदरशाचा प्रमुख अध्यापक होता. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान, राज्यभर कीर्ती. १०९५मध्ये त्याने आपल्याच नियतीची झडती घेतली. इथे नियत म्हणजे हेतू. आपण मराठीत ‘त्याची नियत साफ नाही’ म्हणतो तीच. झडतीत सापडले ते असे की, आपण शिकवतो ते अल्लासाठी नाही, मोठेपणासाठी. त्याची वाचा बसली, वर्गात शब्द फुटेना, अन्न गिळेना. शेवटी मक्केला जातो असे सांगून त्याने बगदाद सोडले आणि दमास्कसची वाट धरली. पुढे त्याने जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात केवळ जन्नतीच्या सुखांसाठी राबणाऱ्याला तो पोटासाठी राबणाऱ्या हलक्या मजुराच्या रांगेत बसवतो. आमच्या विवेकवादी मित्रांची टीका यापेक्षा सौम्यच म्हणावी लागेल.

आपल्याकडे ज्ञानदेवांनी स्वर्गाला नेणाऱ्या पुण्याचीही गणना पापातच केली आहे. पाप नरकाला नेते आणि पुण्याच्या रूपातले पाप स्वर्गाला, इतकाच काय तो फरक. पुण्य संपले की स्वर्गातून माणूस खाली येतो, हे गीतेने आधीच सांगून ठेवले होते. तुकोबांना तर मोक्षही नको होता. पुन्हा जन्म चालेल, पण संतांची संगत आणि नामाचा छंद सुटायला नको, ही त्यांची मागणी. म्हणजे बसरा असो, बगदाद असो की देहू, भक्तीला बाजारू होऊ न देण्याची काळजी भक्तांनीच सर्वांत जास्त वाहिली.

इथपर्यंत आले की वाटते, प्रश्न सुटला: उच्च कोटीचा भक्त निरिच्छ आणि बाकीचे सगळे दुकानदार. पण हे उत्तर फार सोपे आहे, आणि धर्मपरंपरांनीही ते जसेच्या तसे मान्य केलेले नाही. युरोपात सतराव्या शतकाच्या शेवटी हाच वाद पेटला होता. फेनेलॉन या फ्रेंच आर्चबिशपने १६९७मध्ये लिहिले की, खऱ्या प्रेमात स्वतःच्या तारणाचाही विचार उरत नाही. चौदाव्या लुईच्या दरबारातला बोस्युए त्याच्यावर तुटून पडला आणि १६९९मध्ये पोपने त्याच्या पुस्तकातली 23 विधाने निषिद्ध ठरवली. माणसाने स्वतःच्या कल्याणाची आशा पुरती पुसून टाकावी ही अपेक्षा चर्चला अतिरेकी वाटली. मुस्लिम विद्वानांतही अशी हरकत घेणारे होते. जन्नत नकोच असे म्हणणे हा नम्रपणा की गर्व, असा त्यांचा सवाल. खुद्द इब्राहिमने जन्नत मागितल्याचा उल्लेख कुराणात आहे.

आणि फिरऔनच्या बायकोनेही मागितली. परंपरा तिला आसिया म्हणते. जुलमी बादशहाची राणी, नवऱ्याच्या छळात सापडलेली. कुराणातल्या तिच्या प्रार्थनेत ती अल्लाकडे जन्नतीत एक घर मागते. भाष्यकारांचे लक्ष तिच्या शब्दांच्या क्रमाकडे गेले. ती ‘तुझ्याजवळ’ हे आधी म्हणते आणि ‘घर’ नंतर. आधी शेजार, मग घर. हेच शब्द राबियाच्याही तोंडी घातलेले आढळतात. ज्याने कधी भाड्याची खोली शोधली आहे त्याला या क्रमाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आमच्या मते सगळ्या वादाची किल्ली या क्रमात आहे. इच्छा असणे आणि स्वार्थी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आळंदीहून पंढरपूरला चालत गेलेल्या वारकऱ्याला काय हवे असते? विठोबाची भेट. पायाला फोड आलेले असतात, पावसात भिजलेले अंग असते, आणि कळसाचे दर्शन झाले तरी डोळे भरून येतात. त्याला तुम्ही लोभी म्हणाल काय? त्याला मिळणारे फळ त्याच्या चालण्याहून वेगळे नाही. ज्याच्या ओढीने तो निघाला त्याचीच ती गाठ आहे. हाच माणूस ‘वारी केली की मुलाला नोकरी लागेल’ म्हणून चालत असता तर फळ आणि कर्म यांचा संबंध बाहेरून जोडलेला असता. तो नवस झाला. नवसात गैर काही नाही, पण त्याची जात निराळी.

लंडनमध्ये प्रवचने देणाऱ्या जोसेफ बटलर नावाच्या धर्मोपदेशकाने १७२६मध्ये छापलेल्या प्रवचनांत हाच धागा दुसऱ्या टोकाने उकलला. दुसऱ्याला मदत करून आपल्याला आनंद होतो, तेव्हा ती मदत आपल्या आनंदासाठीच होती, असे म्हणणाऱ्यांना त्याने पेचात पकडले. दुसऱ्याचे बरे व्हावे असे मुळात वाटतच नसेल, तर त्याचे बरे झाल्यावर आनंद होईल कसा? आनंद हा आधीच्या आपुलकीचा पुरावा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५मध्ये छापलेल्या ‘गीतारहस्या’त हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाचा समाचार घेतला तोही याच कारणाने. सगळा परोपकार म्हणजे दूरदृष्टीचा स्वार्थ, हे त्यांना माणसाच्या स्वभावाचे अपुरे वर्णन वाटले.

कुराणातही जन्नतीच्या बागांचे वर्णन करून झाल्यावर एके ठिकाणी म्हटले आहे की, या सगळ्याहून मोठी आहे ती अल्लाची प्रसन्नता. नद्या आणि रेशीम खाली, प्रसन्नता वर. उन्हाने पोळलेल्या माणसाला सावलीचे वचन द्यावे लागते, पण त्या सावलीत नेऊन शेवटी त्याला कुणाची तरी ओढ लावायची आहे. लहान मुलाला आपण खाऊ देऊन बाराखडी गिरवायला बसवतो. पुढे तेच मूल कंदिलाच्या उजेडात कादंबरी वाचत बसते तेव्हा खाऊ कुणाच्या लक्षातही नसतो. बाराखडी खाऊसाठी गिरवली म्हणून त्याचे वाचन आयुष्यभर हिणकस ठरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ: हा हिशेब ठेवला जातो तो कशाकशाचा? कुराणाच्या ७६व्या सुरेत काही भल्या माणसांचे वर्णन आहे. स्वतःला अन्नाची आवड असतानाही ती माणसे गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालतात. वर म्हणतात की, हे केवळ अल्लासाठी आहे, तुमच्याकडून आम्हाला मोबदला नको आणि आभारही नकोत. लगेच पुढे त्यांना कशाची धास्ती आहे तेही येते आणि शेवटी त्यांना मिळणाऱ्या बागेचे नि रेशमाचे वर्णनही येते. शंकेखोर म्हणेल, बघा, बक्षीस आहेच. पण जेवणाऱ्याच्या पाटावर बसून हा प्रसंग वाचून पाहा. ज्याला वाढले त्याच्यावर उपकाराचे ओझे नाही. त्याने मान खाली घालायची नाही, निवडणुकीत मत द्यायचे नाही, दर भेटीत आठवण काढायची नाही. देणाऱ्याचे खाते दुसरीकडे उघडलेले आहे, म्हणून घेणारा मोकळा. पुढच्या हिशेबावर श्रद्धा असेल तर इथला हिशेब मिटवता येतो. मिरजेतली ती आई मुलीला नेमके हेच सांगत होती.

याच्याशेजारी आपली इथली दानशूरता ठेवून पाहावी. देवळाच्या पायरीपायरीवर नाव, थंड पाण्याच्या टाकीवर नाव, शाळेच्या कपाटावर नाव, सभागृहातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा लाल रंगात ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखा बंद असला तरच देणगीदार वाचता येतो. स्वर्ग न मागणारा माणूस निरपेक्षच असतो असे नाही. तो बहुधा संगमरवर मागतो. आणि संगमरवराची किंमत घेणाऱ्याला रोज मान वर करून वाचत फेडावी लागते.

दिखाऊपणाबद्दल इस्लामी परंपरा विलक्षण कडक आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात कयामतच्या दिवशी सर्वप्रथम ज्यांचा निवाडा होणार त्या तिघांची गोष्ट आहे: रणात पडलेला योद्धा, कुराण शिकवणारा विद्वान आणि सढळ हाताने देणारा धनवान. तिघांनाही नरकाची वाट दाखवली जाते. लोकांनी शूर, ज्ञानी, दानी म्हणावे एवढीच त्यांची इच्छा होती आणि ते तर म्हणून झाले, असे त्यांना सांगितले जाते. मोबदला जिथे मागितला तिथे मिळाला, बाकी शून्य.

त्याच संग्रहात दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या मित्रांच्या शंकेला सरळ भिडणारी आहे. पैगंबरांनी सोबत्यांना विचारले, मुफलिस कोण? ज्याच्याजवळ पैसाअडका नाही तो, असे उत्तर आले. पैगंबर म्हणाले, नाही. मुफलिस तो, जो नमाज, रोजे आणि जकात यांची रास घेऊन येईल, पण याला शिवी दिलेली, त्याच्यावर आळ घेतलेला, कुणाचा पैसा खाल्लेला, कुणाला मारलेले असे त्याच्या खात्यावर असेल. मग त्याचे पुण्य काढून त्या सगळ्यांना वाटले जाईल. ते पुरले नाही तर त्यांची पापे याच्या डोक्यावर येतील. म्हणजे जन्नतीचा रस्ता शेजाऱ्याच्या अंगणातून जातो, आणि शेजाऱ्याने अडवला तर पुढे जाता येत नाही. ज्याला फक्त स्वतःचेच हित पाहायचे आहे त्यालाही हा हिशेब दुसऱ्याच्या दाराशी आणून उभा करतो. दुसऱ्याला वगळून जो मिळवता येतच नाही, अशा नफ्याला स्वार्थ म्हणणे म्हणजे शब्द फारच ताणणे झाले.

जकातीबद्दल तर भाषाच वेगळी आहे. वर्षभर गाठीशी राहिलेल्या, ठरावीक मर्यादेवरच्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा द्यायचा. कुराण त्याला दान म्हणताना हेही सांगते की, श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क आहे. हक्क हा शब्द तोच, जो आपण सातबारावर नोंदवतो. दुसऱ्याचा हक्क त्याला परत करताना औदार्याचा आव आणायला जागाच उरत नाही. देऊन झाल्यावर बोलून दाखवणे आणि घेणाऱ्याला दुखावणे, या दोन गोष्टींनी दान वाया जाते, असा इशाराही तिथे आहे.

हे सगळे पुस्तकातले. रस्त्यावर काय दिसते? इथे मात्र शंकेखोरांचे पारडे पुष्कळदा जड होते, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. रमजानमध्ये सत्कृत्याचे फळ 70 पटींनी मिळते, अशी लोकांची श्रद्धा आहे. परिणामी वर्षाची सगळी दया एका महिन्यात कोंबली जाते. मदरशांसाठी वर्गणी गोळा करणारे सफीर पावती-पुस्तके घेऊन मुंबईच्या गल्ल्या पालथ्या घालतात, इफ्तारच्या ताटांची रेलचेल होते, आणि ईदनंतर, शव्वाल महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्लीत औषधाला पैसे मागणाऱ्याला कुणी विचारत नाही. धान्याच्या पाकिटासोबत घेणाऱ्याचा फोटो मोबाइलवर फिरतो. अधिक मासात जावयाला 33 अनारसे देणाऱ्या आणि दारच्या कामवालीला शिळे देणाऱ्या आमच्या घरांना यावर हसण्याचा अधिकार नाही. पुण्याचा दर पाहून देणाऱ्याला समोरचे माणूस दिसत नाही. त्याला खिडकी दिसते, जिथे भरणा करायचा असतो. शंकेखोरांचा आक्षेप या क्षणाला शंभर टक्के लागू होतो.

आणि याच वाटेने टोकाला गेले की काय होते, ते मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ला पाहिले. सीमेपलीकडून फोनवर बोलणारे सूत्रधार हल्लेखोर पोरांना जन्नतीचे आमिष दाखवत होते, हे ध्वनिमुद्रणांत आहे. तिथे दुसरा माणूस खिडकीही उरला नव्हता, नुसती पायरी झाला होता. त्यानंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या जमिनीत जागा द्यायला नकार दिला. निरपराधांना मारणारे आमचे नव्हेत, असे त्यांनी सांगितले. धर्मशास्त्राचा कोणताही जाडजूड ग्रंथ जे सांगेल ते त्या विश्वस्तांनी एका नकारात सांगितले: माणसांना तुडवून कुणी जन्नतीला पोचत नाही आणि कब्रस्तानातही शिरत नाही.

तेव्हा कसोटी कोणती? बक्षिसाची इच्छा आहे की नाही, हे पाहण्यात फारसा अर्थ नाही. माणसाच्या मनात दहा हेतू एकाच वेळी नांदतात आणि गझालीसारख्यालाही आपला हेतू शोधायला वाचा गमवावी लागली. पाहायचे ते एवढेच, की कृतीच्या क्षणी समोरचा माणूस नजरेत राहिला की पुसला गेला. बुखारीच्या हदीससंग्रहात एका वेश्येची गोष्ट आहे. रणरणत्या उन्हात एक तहानलेला कुत्रा विहिरीभोवती जीभ काढून फिरत होता. तिने पायातला जोडा काढला, ओढणीला बांधून विहिरीत सोडला, पाणी काढले आणि त्याला पाजले. एवढ्यावर तिचे पाप माफ झाले. त्या क्षणी तिने पुण्याचा दर काढला असेल असे कुणालाही वाटत नाही. तिला कुत्र्याची जीभ दिसली. जन्नत ज्यांना मिळाली म्हणून सांगितले जाते, त्यांच्यात ही बाई आहे, हे जन्नतीची आकांक्षा धरणाऱ्याने विसरू नये.

जन्नतीशिवायही माणूस चांगला राहू शकतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी परलोकाचा आधार न घेता, मोठ्या पगाराच्या वाटा सोडून, दम्याने पोखरलेल्या शरीराने सुधारणेसाठी लेखणी झिजवली. १८९५मध्ये गेले तेव्हा वय चाळीसही नव्हते. त्यांच्यापुढे कुणी धार्मिक माणसाने पुण्याचा टेंभा मिरवू नये. पण आगरकरांसारखे लोक एखाद्या शतकात किती जन्मतात? आणि ज्या कांटने १७८५मध्ये शुद्ध कर्तव्यबुद्धीचा आग्रह धरला, त्यालाही तीनच वर्षांनी पुढच्या ग्रंथात देव आणि आत्म्याचे अमरत्व गृहीत धरावे लागले, कारण सद्गुणाच्या वाट्याला कधीतरी सुख यावे असे त्यालाही वाटले. कवी हाइनेने त्याची टिंगल केली की, हे सगळे त्याच्या म्हाताऱ्या लांपे नावाच्या नोकराच्या समाधानासाठी होते. असेना का! तत्त्वज्ञाला नोकराच्या आशेची कदर करावीशी वाटली, ही काही टिंगलीची गोष्ट नाही. आयुष्यभर ज्यांना इथे न्याय मिळाला नाही, त्यांनी तो पुढे मिळेल अशी आशा धरली तर भरल्या पोटाच्या माणसाने तिला स्वार्थ म्हणताना थोडे थांबावे.

कांटच्याच पुस्तकात एक दुकानदार आहे. तो अजाण गिऱ्हाइकालाही फसवत नाही. लहान मूल आले तरी भाव तोच. कांट म्हणतो, धंद्याचे नाव राखण्यासाठी तो असे करत असेल तर यात नैतिक मोल काही नाही. हे वाचताना आम्हाला नेहमी मिरजेचा तो माळकरी दुकानदार आठवतो. त्या चांदरातीला त्याने सात माणसांचा गहू काट्यावर काटेकोर तोलला, पिशवीत भरला, पैसे घेतले. मग गाठ मारण्याआधी पोत्यातल्या दोन ओंजळी आणखी घातल्या. बाई पर्समध्ये सुटे पैसे ठेवत होती, मुलगी रस्त्याकडे पाहत होती, दोघींच्याही ध्यानात आले नाही. आम्ही पाहतो आहोत हे त्याला कळले तेव्हा तो जरा ओशाळला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दोन ओंजळी गहू कुठल्या हिशेबात धरायचा, त्याच्या एकादशीच्या की तिच्या ईदच्या, हे ठरवणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्या घरी ती पिशवी गेली त्या घराला यातले कुणाचेच नाव कळले नसेल. सकाळी नमाजाआधी तिथे चूल पेटली असेल, एवढे नक्की.